अ‍ॅम्प्लिफायरचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स मोजायचाय? आधी प्रोबकडे बघा

फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला सिग्नल किती पट मोठा होतो त्याचा ग्राफ. प्रॅक्टिकलच्या वहीत हा प्रयोग चार ओळींत संपतो. इनपुटला साइन वेव्ह द्या, फ्रिक्वेन्सी बदलत जा, आउटपुट लिहून घ्या, ग्राफ काढा. चुकीचं काहीच नाही त्यात, पण असं केल्यावर जो ग्राफ हातात येतो तो बऱ्याचदा अर्धा अ‍ॅम्प्लिफायरचा असतो आणि अर्धा सिग्नल जनरेटर, वायरी, प्रोब (स्कोपची सर्किटला लावायची केबल) आणि ऑसिलोस्कोपचा, म्हणजे स्कोपचा. त्यामुळे कृती सांगता सांगता यातलं कोण कधी मध्ये लुडबुड करतं तेही सांगतो, कारण खरी मेहनत तिथेच आहे, बाकी नॉब फिरवणं कुणालाही जमतं.

उदाहरणाला एक सर्किट धरून चालू म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. साधा एक ट्रान्झिस्टरचा कॉमन एमिटर, बीसी५४७, सप्लाय १२ व्होल्ट. बेसला वरून ४७ किलोओहम, खाली १० किलोओहम, कलेक्टरला ३.३ किलोओहम, एमिटरला १ किलोओहम आणि त्याच्या अंगावर १०० मायक्रोफॅरडचा बायपास कपॅसिटर. इनपुटला १ मायक्रोफॅरड, आउटपुटला १० मायक्रोफॅरड आणि पुढे १० किलोओहमचा लोड.

सिग्नल द्यायच्या आधी डीसी बघून घ्या. बेसला २ व्होल्टच्या जरा वर, एमिटरला साधारण १.४ ते १.५, कलेक्टरला ७ च्या आसपास मिळालं की बायस, म्हणजे सिग्नल नसतानाचे डीसी व्होल्टेज, ठीक आहे. कलेक्टर १२ ला चिकटलाय किंवा एमिटरच्या जवळ येऊन बसलाय तर पुढे काही मोजू नका, आधी ते दुरुस्त करा. करंट साधारण १.४५ मिलिअँपिअर, म्हणजे एमिटरचा आतला रेझिस्टन्स २६ मिलिव्होल्ट भागिले १.४५ मिलिअँपिअर, साधारण १८ ओहम. हा १८ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे खूप कामाला येणार आहे. कलेक्टर आणि लोड पॅरलल धरले तर २.४८ किलोओहम, त्याला १८ ओहमने भागलं की गेन (आउटपुट इनपुटच्या किती पट) साधारण १३० ते १४०, म्हणजे ४२-४३ डीबी. डीबी काढायचा फॉर्म्युला २० गुणिले लॉग (आउटपुट भागिले इनपुट), लॉग दहाच्या पायाचा, आणि दोन्ही व्होल्टेज एकाच पद्धतीने घ्यायचे, एक पीक टू पीक आणि दुसरा आरएमएस असं करू नका.

इनपुट किती द्यायचं

गेन १३८ धरला तर १०० मिलिव्होल्ट दिल्यावर १३.८ व्होल्ट आउटपुट यायला हवं, जे १२ व्होल्टच्या सप्लायवर शक्यच नाही, म्हणजे क्लिपिंग, वेव्हची टोकं कापली जातात. त्याच्याही आधी दुसरी गोष्ट होते, ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरला काही मिलिव्होल्टच्या वर स्विंग दिला की साइनचा एक अर्धा भाग फुगतो आणि दुसरा चपटा होतो. त्यामुळे या सर्किटला १० मिलिव्होल्ट पीक टू पीक पुरे. आता अडचण अशी की बऱ्याच जनरेटरला इतकं कमी आउटपुट नीट देता येत नाही, दिलं तरी त्यात नॉइज भरपूर, आणि स्कोपवर १०एक्स प्रोबने १० मिलिव्होल्ट बघायला गेलात तर नुसती जाड रेघ दिसते.

उपाय सोपा आहे. जनरेटरला १ व्होल्ट ठेवा आणि सर्किटच्या अगदी तोंडाशी १ किलोओहम आणि १० ओहमचा डिव्हायडर लावा. दहा ओहमवर बरोबर १०१ वा भाग मिळतो, म्हणजे ९.९ मिलिव्होल्ट. स्कोपचा चॅनल १ डिव्हायडरच्या आधी लावायचा, तिथे १ व्होल्ट ऐटीत दिसतो, आणि हिशेब करताना १०१ ने भागायचं. रेझिस्टर १ टक्क्याचे घ्या किंवा मल्टिमीटरने मोजून खरे आकडे वापरा. शिवाय यात एक फुकटचा फायदा आहे, सर्किटला आता फक्त १० ओहमचा सोर्स दिसतो, जनरेटरचा आतला ५० ओहम मधून गेला. त्या ५० ओहमवरून आठवलं, जनरेटरच्या डिस्प्लेवरचा व्होल्टेज खरा धरू नका. सेटिंग ५० ओहम लोडचं असेल आणि तुमचं सर्किट त्याहून खूप मोठ्या रेझिस्टन्सचं असेल तर प्रत्यक्षात दुप्पट व्होल्टेज येतो. इनपुट नेहमी स्कोपवर मोजायचं, आणि तेही प्रत्येक फ्रिक्वेन्सीला, कारण जनरेटरचं आउटपुटही वरच्या टोकाला हळूहळू खाली येतं आणि ते पाप अ‍ॅम्प्लिफायरच्या माथी बसतं.

मल्टिमीटरने हे काम होतं का, तर बहुतेक वेळा नाही. साध्या मीटरची एसी रेंज काहीशे हर्ट्झपर्यंत खरं बोलते, त्याच्या पुढे त्याचं स्वतःचंच रीडिंग पडायला लागतं. दुसरं म्हणजे मीटरला वेव्हचा आकार दिसत नाही, क्लिप झालेल्या सिग्नललाही तो शांतपणे एक आकडा दाखवतो.

प्रोब

प्रोबच्या अंगावर १एक्स/१०एक्स स्विच असतो. १एक्सला ठेवलात तर केबल आणि स्कोप मिळून साधारण १०० पिकोफॅरड तुमच्या सर्किटला लटकतात, १०एक्सला १० ते १५ पिकोफॅरड. ऐकायला दोन्ही किरकोळ वाटतं ना? आपल्या सर्किटचं आउटपुट २.४८ किलोओहमचं आहे. त्यावर ब्रेडबोर्डचे आणि ट्रान्झिस्टरचे धरून ११० पिकोफॅरड घेतले तर कटऑफ, म्हणजे आउटपुट ०.७०७ पट उरतं ती फ्रिक्वेन्सी, १ भागिले (२ पाय आर सी, पाय म्हणजे ३.१४), म्हणजे ५८० किलोहर्ट्झ. तोच प्रोब १०एक्सला टाकला, ब्रेडबोर्डचे आणि ट्रान्झिस्टरचे मिळून एकूण २३ पिकोफॅरड धरले, तर २.८ मेगाहर्ट्झ. सर्किट तेच, नुसता स्विच सरकवला आणि बँडविड्थ (दोन कटऑफमधली रुंदी) जवळपास पाचपट! म्हणून १एक्सवर काढलेल्या वरच्या कटऑफवर माझा तरी विश्वास नसतो, आधी स्विच कुठे होता ते विचारतो.

१०एक्स वापरायचा तर कॉम्पेन्सेशन आधी बघा. स्कोपच्या पुढच्या पट्टीवर १ किलोहर्ट्झ स्क्वेअर वेव्हचा पॉइंट असतो, त्याला प्रोब लावा आणि छोट्या स्क्रूने ट्रिमर असा फिरवा की वरची रेघ सपाट होईल, कोपरा टोकदार वरही जायला नको आणि गोलही व्हायला नको. हे केलं नाही तर ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या वर सगळी रीडिंग कमी किंवा जास्त येतात आणि ग्राफमध्ये मधेच एक पायरी दिसते जिचं सर्किटमध्ये कारणच सापडत नाही. दोन्ही चॅनलचे प्रोब वेगवेगळे कॉम्पेन्सेट करायचे, आणि ज्या प्रोबचं ज्या चॅनलवर केलं तो तिथेच ठेवायचा. स्कोपच्या चॅनल मेनूमध्येही १०एक्स निवडा, नाहीतर आकडे दहापट चुकतील, पण ही चूक निदान लगेच कळते.

ग्राउंड क्लिप सर्किटच्या ग्राउंडला, आउटपुटच्या जवळ. लांब ग्राउंड वायरने वरच्या फ्रिक्वेन्सीला रिंगिंग येतं, आपल्या २-३ मेगाहर्ट्झला फार त्रास नाही, पण स्क्वेअर वेव्हच्या कडेवर दिसतं.

आता खरं मोजमाप

१ किलोहर्ट्झपासून सुरुवात करू नका असं काही जण सांगतात, पण मला तिथूनच बरं वाटतं, फक्त ती फ्रिक्वेन्सी खरोखर मिडबँडमध्ये, म्हणजे गेन सपाट असतो त्या मधल्या भागात, आहे का ते तपासा. म्हणजे ५ किलोहर्ट्झ आणि २० किलोहर्ट्झलाही आउटपुट तेवढंच येतंय का बघा. येत असेल तर तो तुमचा मिडबँड. आपल्या सर्किटला १० किलोहर्ट्झ जास्त चांगलं, कारण याचा खालचा कटऑफ बराच वर आहे, का ते पुढे सांगतो. समजा आउटपुट १.३७ व्होल्ट आलं. त्याला ०.७०७ ने गुणलं की ०.९७ व्होल्ट. आउटपुट इतकं उरतं त्या दोन फ्रिक्वेन्सी, एक खालची एक वरची, हेच कटऑफ. इथे गेन ३ डीबीने उतरलेला असतो आणि पॉवर निम्मी झालेली असते.

हे झटपट शोधायची एक जुनी युक्ती आहे. स्कोपच्या व्होल्ट पर डिव्हिजनचा फाइन कंट्रोल फिरवून मिडबँडची वेव्ह बरोबर ७ खणांत बसवा. मग फ्रिक्वेन्सी वाढवत जा, वेव्ह ५ खणांवर आली की थांबा. ५ भागिले ७ म्हणजे ०.७१४, कामापुरतं ०.७०७ च आहे. गणित नको, कॅल्क्युलेटर नको, इनपुट तेवढंच राहिलंय का यावर फक्त एक डोळा ठेवा.

पूर्ण ग्राफ काढायचा असेल तर फ्रिक्वेन्सी १, २, ५, १० अशा चढत्या ठेवा, म्हणजे १०, २०, ५०, १००, २०० हर्ट्झ असं करत करत ५ मेगाहर्ट्झपर्यंत. लॉग स्केलवर हे पॉइंट साधारण समान अंतरावर पडतात. शंभर-शंभर हर्ट्झने वाढवत बसलात तर दिवस जाईल आणि खालचा सगळा भाग दोनच पॉइंटमध्ये संपेल. मधला सपाट भाग भराभर उरका, तिथे काही नवीन कळत नाही, पण कटऑफच्या जवळ पॉइंट दाट घ्या. प्रत्येक पॉइंटला फ्रिक्वेन्सी, इनपुट, आउटपुट लिहा, आणि साइन अजून साइन दिसतेय का तेही बघा. नॉइजमुळे रीडिंग उड्या मारत असेल तर स्कोपचं अ‍ॅव्हरेजिंग १६ वर ठेवा आणि ट्रिगर चॅनल १ वरून घ्या, कारण आउटपुट पडत गेलं तरी इनपुट स्वच्छ असतं.

फेजही घ्यायची असेल तर दोन वेव्हमधला वेळेचा फरक मोजा, त्याला फ्रिक्वेन्सीने आणि ३६० ने गुणा. कॉमन एमिटर मुळात उलटा करतो, म्हणजे मिडबँडला १८० डिग्री दिसणारच, कटऑफला त्यात आणखी ४५ डिग्रीच्या जवळपास सरक येते, जर तिथे एकच कपॅसिटर जबाबदार असेल तर. कटऑफ बरोबर सापडलाय का हे तपासायला हे चांगलं आहे.

खालचं टोक आणि १०० मायक्रोफॅरडचा गैरसमज

या सर्किटचा खालचा कटऑफ किती असेल असं विचारलं तर बरेच जण इनपुटच्या १ मायक्रोफॅरडकडे बोट दाखवतात, कारण तो सगळ्यात छोटा आहे. आता हिशेब बघा. ट्रान्झिस्टरचा बीटा (करंट गेन) २५० धरला तर इनपुट रेझिस्टन्स २.९ किलोओहम येतो, त्याच्यासोबत १ मायक्रोफॅरड म्हणजे ५५ हर्ट्झ. आउटपुटचे १० मायक्रोफॅरड १३.३ किलोओहम बघतात, म्हणजे १.२ हर्ट्झ, सोडून द्या. आणि एमिटरचा १०० मायक्रोफॅरड, जो सगळ्यात मोठा दिसतो, तो एमिटरच्या १ किलोओहमला बघत नाही, तो त्या १८ ओहमला बघतो. १८ ओहम आणि १०० मायक्रोफॅरड म्हणजे ८८ हर्ट्झ! म्हणजे मोठा कपॅसिटरच दोषी.

आणि हे दोघं एकमेकांपासून वेगळेही नाहीत, एमिटरचा कपॅसिटर कमी पडायला लागला की इनपुट रेझिस्टन्सही बदलतो, त्यामुळे प्रत्यक्षात कटऑफ साधारण १३० हर्ट्झला सापडायला हवा. आपल्या आकड्यांनी ५० हर्ट्झला आउटपुट अर्ध्या व्होल्टच्या जरा खाली, १०० ला ०.८ च्या आसपास. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर २० टक्के इकडेतिकडे असणं सर्रास असतं, म्हणून तुम्हाला ११० किंवा १६० आलं तर घाबरू नका. कोण दोषी हे सिद्ध करायचं असेल तर एमिटरच्या कपॅसिटरला तेवढाच दुसरा पॅरलल लावा आणि परत मोजा, कटऑफ चांगलाच खाली सरकला की झालं. फक्त पोलॅरिटी बघून लावा.

खालच्या टोकाला आणखी एक चोर आहे, तो म्हणजे स्कोपचं एसी कपलिंग. एसी केलं की स्कोपमध्ये स्वतःचा सिरीज कपॅसिटर येतो आणि तो साधारण १० हर्ट्झच्या खाली सिग्नल कापतो, १०एक्स प्रोबने हा आकडा बराच खाली जातो पण शून्य होत नाही. तुमचा अ‍ॅम्प्लिफायर ५ हर्ट्झपर्यंत जाणारा असेल तर डीसी कपलिंगच वापरा. आणि इतक्या खाली टाइम बेस हळू ठेवून निदान दोन-तीन पूर्ण सायकल पडद्यावर येऊ द्या, नाहीतर स्कोपची ऑटो मेजरमेंट काहीही आकडा देते.

वरचं टोक

वर कोण कापतं हे सोर्सवर अवलंबून आहे, आणि हीच गोष्ट बहुतेक ग्राफवर लिहिलेली नसते. ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर-बेसमधले ३ पिकोफॅरड मिलर इफेक्टमुळे गेन अधिक एकने गुणले जातात, ३ गुणिले १३९, म्हणजे बेसला चारशेच्या वर पिकोफॅरड दिसतात, त्यात बेस-एमिटरचे पंचेचाळीस-पन्नास आणखी. आपल्या १० ओहमच्या डिव्हायडरला याने काही फरक पडत नाही, तिथे आउटपुटची बाजू आणि प्रोब हेच ठरवतात. पण सिरीजमध्ये १ किलोओहम टाकून बघा, वरचा कटऑफ धाडकन चारशे-साडेचारशे किलोहर्ट्झवर येतो आणि गेनही पाऊण पटीच्या जवळ उतरतो. दोन्ही आकडे खरे, फक्त सोर्स वेगळा. म्हणून ग्राफच्या कोपऱ्यात सोर्स किती ओहम, लोड किती, प्रोब १०एक्स, इनपुट किती मिलिव्होल्ट एवढं लिहाच, नाहीतर महिन्याने तो ग्राफ तुम्हालाच उपयोगी पडणार नाही.

कटऑफच्या पुढे ग्राफ दर दहापट फ्रिक्वेन्सीला २० डीबीने उतरला तर एकच कारण आहे, त्याहून झपाट्याने उतरला तर दोन किंवा जास्त. आणि उतरायच्या आधी जर कुबड दिसलं, म्हणजे गेन मिडबँडपेक्षा वर जाऊन मग पडला, तर सर्किट ऑसिलेशनच्या (इनपुटशिवाय स्वतःच सिग्नल काढायच्या) वाटेवर आहे. सप्लायला ट्रान्झिस्टरच्या जवळ १०० नॅनोफॅरड लावा, इनपुट-आउटपुटच्या वायरी एकमेकींपासून दूर करा, मग परत बघा.

ऑपअँप असेल तर

ऑपअँपमध्ये, म्हणजे आयसीतल्या तयार अँपमध्ये, आणखी एक गंमत होते. ७४१ घ्या, गेन १० ठेवा. त्याचा गेन गुणिले बँडविड्थ १ मेगाहर्ट्झ, म्हणजे कटऑफ १०० किलोहर्ट्झला यायला हवा. पण आउटपुट १० व्होल्ट पीक ठेवून मोजलंत तर ८ किलोहर्ट्झच्या पुढे साइनची त्रिकोण वेव्ह व्हायला लागते आणि आउटपुट पडतं, कारण ७४१ चा स्ल्यू रेट, म्हणजे आउटपुट बदलायचा जास्तीत जास्त वेग, ०.५ व्होल्ट पर मायक्रोसेकंद आहे आणि स्ल्यू रेट भागिले (२ पाय गुणिले पीक व्होल्टेज) केलं की ८ किलोहर्ट्झच येतं. हा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स नाही, ही वेगाची मर्यादा आहे. ओळखायची खूण एकच, इनपुट निम्मं करा, आउटपुटही बरोबर निम्मं झालं पाहिजे. झालं नाही तर तुम्ही छोट्या सिग्नलच्या बाहेर आहात. ही चाचणी ट्रान्झिस्टरलाही लागू आहे आणि वेळ लागतो अर्धा मिनिट, त्यामुळे प्रत्येक टोकाला एकदा करून टाका.

वेळ नसेल तर स्क्वेअर वेव्ह

एक स्क्वेअर वेव्ह दिली की दोन्ही टोकं एका नजरेत कळतात. चढणाऱ्या कडेला १० ते ९० टक्के जायला लागलेला वेळ मोजा, ०.३५ ला त्याने भागा, वरचा कटऑफ मिळाला. १२५ नॅनोसेकंद म्हणजे २.८ मेगाहर्ट्झ. जनरेटरची स्वतःची कड किती वेगाची आहे ते आधी बघा, तीच १०० नॅनोसेकंदाची असेल तर हा खेळ चालणार नाही. वरची सपाट रेघ उतरती दिसली तर ते खालच्या कटऑफचं काम, उतार साधारण पाय गुणिले खालचा कटऑफ भागिले स्क्वेअरची फ्रिक्वेन्सी. आपल्या सर्किटला १ किलोहर्ट्झ दिली तर ४० टक्के येतो, इतका मोठा असला की हा फॉर्म्युला ढोबळच समजायचा, १० किलोहर्ट्झला ४ टक्के.

ऑडिओ आणि पॉवर अँप

फक्त ऑडिओ रेंज बघायची असेल तर कॉम्प्युटरचं साउंड कार्ड आणि स्वीप काढणारं एखादं फुकट सॉफ्टवेअर पुरतं. ४८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगला २० किलोहर्ट्झपर्यंतच बघायचं, त्याच्या पुढचं कार्डाच्या फिल्टरचं असतं. आधी आउटपुट सरळ इनपुटला जोडून लूपबॅक स्वीप घ्या आणि सॉफ्टवेअरला तो वजा करायला सांगा, नाहीतर कार्डाचाच रिस्पॉन्स बघत बसाल. माइक इनपुट नको, लाइन इन वापरा, आणि पॉवर अँपचं आउटपुट डिव्हायडरशिवाय कधीच जोडू नका.

पॉवर अँपला स्पीकर लावून मोजू नका, स्पीकरचा इम्पिडन्स फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलतो आणि घरातले लोकही वैतागतात. ८ ओहमचा जाड रेझिस्टर लावा आणि १ वॉटला मोजा, म्हणजे २.८३ व्होल्ट आरएमएस, स्कोपवर ८ व्होल्ट पीक टू पीक. वरच्या फ्रिक्वेन्सीला पूर्ण पॉवर देऊन बघायचा मोह आवरा. आउटपुटला बऱ्याचदा १० ओहम आणि १०० नॅनोफॅरडचं झोबेल नेटवर्क (अँप स्थिर ठेवणारी सिरीज जोडी) असतं, २० व्होल्ट आरएमएसवर १०० किलोहर्ट्झला त्या १० ओहममध्ये ११ वॉट जातात आणि तो रेझिस्टर सहसा एवढ्यासाठी बसवलेला नसतो, आधी वास येतो मग धूर.

आणि ब्रिज आउटपुटचा अँप, म्हणजे स्पीकर दोन उलट आउटपुटच्या मधे जोडलेला, असेल तर स्पीकरच्या दोन्ही टर्मिनलपैकी एकही ग्राउंड नसतं. मेन्सवर चालणाऱ्या स्कोपची ग्राउंड क्लिप आतून अर्थिंगला जोडलेली असते, ती अशा टर्मिनलला लावली आणि अँपचं ग्राउंडही कुठून तरी अर्थला पोचत असेल, अगदी जनरेटरच्या केबलमधून का होईना, तर आउटपुट स्टेज सरळ शॉर्ट. तिथे दोन प्रोब घ्या, एक या टर्मिनलला एक त्या टर्मिनलला, दोन्हीच्या क्लिपा अँपच्या ग्राउंडला, आणि स्कोपच्या मॅथ मेनूमध्ये चॅनल १ वजा चॅनल २ लावा. इनपुट बघायला मग चॅनल उरत नाही, चार चॅनलचा स्कोप नसेल तर आधी सगळ्या फ्रिक्वेन्सींना इनपुट मोजून लिहून ठेवा आणि नंतर त्याच सेटिंगवर आउटपुटची फेरी करा.